नागझिऱ्यात एका पोरानं भुताची गोष्ट ऐकली आणि ‘तुंबाड’ झाला; पण पोरांसाठीची मराठी भुताची कादंबरी कुठंय?

१९९३ सालची गोष्ट आहे. चौदा-एक वर्षांचा एक मुलगा नागझिऱ्याच्या अभयारण्यात गेला होता. तिथं त्याच्या मित्रानं त्याला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. मुलगा असा टरकला की ती गोष्ट डोक्यातून जाईना. १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यानं एका पिक्चरचा पहिला खर्डा लिहून काढला. पुढं वीसेक वर्षं खस्ता खाल्ल्यावर १२ ऑक्टोबर २०१८ ला तो पिक्चर थेटरात लागला.

पिक्चरचं नाव ‘तुंबाड’ आणि मुलाचं नाव राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ लिहिणारे अनिल बर्वे, त्यांचा हा मुलगा. नागझिऱ्याचा किस्सा राही यांनी स्वतःच सांगितलेला आहे.

‘तुंबाड’ हे नाव श्री. ना. पेंडसेंच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं. पाऊस, वाडा, शेवाळ, सगळं कोकणातलं. पण भीतीचं बी पडलं ते पार महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, धानाच्या आणि तळ्यांच्या मुलखात. आज आपण त्याला गोंदिया जिल्हा म्हणतो. तेव्हा तो भंडाऱ्यातच होता, गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला.

आता मुद्द्याचं. २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थेटरात आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. इन्स्टावर हस्तरचे रील फिरले. ते रील दहा-अकरा वर्षांच्या पोरांनीही पाहिले, आणि घराघरात एकच प्रश्न आला, “मला पण बघायचाय.” पिक्चरला ‘ए’ सर्टिफिकेट आहे, म्हणजे उत्तर ‘नाही’च. मग त्या पोराच्या हातात द्यायचं काय? त्याच्या वयाची, खरीखुरी भीती वाटेल अशी, पण त्याच्यासाठीच लिहिलेली भुताची मराठी कादंबरी?

दुकानात जाऊन मागून बघा. दुकानदार आधी विचार करतो, मग फास्टर फेणे काढून देतो. फास्टर फेणे भारीच आहे, पण त्यात भूत नाही.

आधी आजीचा प्रवास बघू

‘तुंबाड’च्या पहिल्या भागातली साखळदंडानं बांधलेली म्हातारी आठवत असेल. त्या भागावर धारपांच्या ‘आजी’ या कथेची सावली आहे. आणि धारपांच्या ‘आजी’मागे आहे स्टीफन किंगची ‘ग्रामा’, जी त्याच्या १९८५ च्या ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात आहे.

म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यातली एक म्हातारी पुण्याच्या धारपांकडे आली, तिथून एका मित्राच्या तोंडून नागझिऱ्यात पोचली, आणि तिथून कोकणातल्या वाड्यात जाऊन बसली. भुताच्या गोष्टी अशाच प्रवास करतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. किंगच्या कथेतला नायक आहे जॉर्ज, वय वर्षं अकरा. मोठ्या भावाचा पाय मोडलाय म्हणून आई दवाखान्यात गेलीये. घरात जॉर्ज आणि अंथरुणाला खिळलेली आजी, दोघंच. ‘तुंबाड’मध्येही तेच. आई नाही, समोर म्हातारी, आणि तिला खायला घालायची जबाबदारी एका लहान मुलावर.

म्हणजे नायक दहा-अकरा वर्षांचा आहे, पण गोष्ट दहा-अकरा वर्षांच्या वाचकासाठी नाही. हा फरक कुठं पडतो?

तो पडतो शेवटाला. ज्यांना ‘ग्रामा’ वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. किंगच्या कथेत जॉर्ज हरतो. आई परत येते तेव्हा समोर असतो तो वरवर जॉर्जच, पण आत दुसरंच कोणीतरी आलेलं असतं. मोठ्या वाचकाला हा शेवट आवडतो, कारण जग असंच अन्यायी असतं हे त्याला ठाऊक असतं. अकरा वर्षांच्या वाचकाला मात्र लेखकानं फसवल्यासारखं वाटतं. तो जॉर्जचा हात धरून आत गेला होता, आणि लेखकानं दोघांनाही आतच कोंडलं.

मिडल ग्रेड म्हणजे नक्की काय?

इंग्रजी प्रकाशनात साधारण आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना ‘मिडल ग्रेड’ म्हणतात. चित्रांची पुस्तकं मागे पडलीत आणि प्रेमात पडणं अजून सुरू झालेलं नाही, असं ते वय. आपल्याकडं ‘किशोर’ हा शब्द साधारण त्याच जागेवर बसतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून याच वाचकांसाठी निघतंय.

या वयाच्या भुताच्या कादंबऱ्यांचा इंग्रजीत प्रचंड मोठा धंदा आहे. आर. एल. स्टाइनची ‘गूजबम्प्स’ मालिका १९९२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या ४० कोटींहून जास्त प्रती खपल्यात. साहित्य म्हणून ती फार थोर आहे असं कोणी म्हणत नाही. प्रकरणाच्या शेवटी किंकाळी, पुढचं पान उलटलं की कळतं मांजर होतं. पण लाखो पोरांना तिनं पुस्तकाची सवय लावली, हे खोडून काढता येत नाही. दुसऱ्या टोकाला नील गेमनचं ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ आहे. कब्रस्तानातली भुतं एका अनाथ बाळाला वाढवतात, एवढीच त्याची कल्पना. त्याला २००९ चं न्यूबेरी पदक मिळालं, म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या साहित्यातला सगळ्यात मानाचा पुरस्कार.

परदेशात कशाला, बंगालीत बघा. शीर्षेंदु मुखोपाध्याय यांच्या ‘गोसाईबागानेर भूत’मध्ये बुरुन नावाच्या पोराला गणितात १३ मार्क पडतात. घरात कोणी त्याच्याशी धड बोलेना. पोरगं वैतागून जंगलात जातं, तिथं त्याला निधिराम नावाचं भूत भेटतं. पोराचं दुःख इतकं मोठं, की त्याला भुताची भीतीच वाटत नाही. आणि आपल्याला कोणी घाबरत नाही म्हणून भुताचाच इगो दुखावतो! बंगाली घरात ही पुस्तकं आजोबा, बाप आणि नातू अशा तिघांनी वाचलेली असतात.

या सगळ्या पुस्तकांमध्ये काही गोष्टी सारख्या आहेत. मोठी माणसं पहिल्या काही पानांतच बाजूला होतात. आई गावाला जाते, आजोबा झोपतात, फोनला रेंज नसते. कारण बाप हजर असला तर भूत आलं की तो दार लावून घेणार, कादंबरी संपली. मुलं शक्यतो एकटी नसतात, दोघं-तिघं असतात, आणि त्यातलं एक हमखास भित्रं असतं. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे भुताला नियम असतो. ते काय करू शकतं, काय करू शकत नाही, कशानं थांबतं. ‘तुंबाड’मध्ये हस्तरचं नाव घेतलं की म्हातारी झोपते, कणकेची बाहुली दिसली की हस्तर तिकडं धावतो. ‘ए’ सर्टिफिकेटचा पिक्चर असला तरी हा नियम थेट लहान मुलांच्या गोष्टीतला आहे. नियम शोधून काढणं म्हणजेच साहस. भूत जितकं भयंकर, तितका नियम पक्का पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्या पोराच्या हातात काहीच उरत नाही.

असा नियम आपल्या आज्यांना कधीच सापडला होता

विदर्भात जंगलाकाठच्या कुठल्याही गावात विचारा, ‘चकवा’ म्हणजे काय ते सांगतील. रोजच्या पायाखालची वाट असते. संध्याकाळ होते. माणूस चालतो, चालतो, आणि पुन्हा त्याच झाडाशी येतो. पुन्हा निघतो, पुन्हा तेच झाड. चकवा लागला!

मराठी भुतांच्या यादीत चकवा मला सगळ्यात सभ्य वाटतो. मुंजा पिंपळावर बसून मानगूट धरतो, हडळ मागे लागते, गिऱ्हा पाण्यात ओढतो. चकवा बिचारा हातही लावत नाही. तो फक्त वाट लपवतो. आणि त्याच्यावर उपायही घरगुती. जागच्या जागी खाली बस. अंगातला सदरा उलटा करून घाल. काडी पेटव. उजाडेपर्यंत हलू नको. प्रत्येक आजीचा उपाय वेगळा, पण सगळ्यांचा अर्थ एकच, धावत सुटू नको.

गोंदियाच्या सीमेपलीकडं छत्तीसगडमध्ये याच गोष्टीचं दुसरं रूप सांगतात. तिथं भूत नाही, ‘भूलन कांदा’ नावाची वनस्पती आहे. तिच्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो, आणि दुसऱ्या माणसानं येऊन त्याला हात लावला की भानावर येतो. त्यावर संजीव बख्शींची हिंदी कादंबरी आहे, आणि त्या कादंबरीवरच्या ‘भूलन द मेज’ला छत्तीसगढी भाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. दुसऱ्याचा हात लागला की सुटका, हा नियम ऐकला आणि वाटलं, मुलांच्या कादंबरीसाठी याहून चांगला नियम शोधून सापडायचा नाही.

आता गंमत ऐका. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना खरोखर जंगलात सोडलं. सांगितलं, सरळ चालत राहा. अंगावर जीपीएस बांधलेलं. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं तेव्हा चालणारी सगळी माणसं गोल फिरली, आणि त्यातली काही स्वतःच्याच वाटेवरून पुन्हा गेली तरी त्यांना पत्ता लागला नाही. सहाराच्या वाळवंटातही रात्री चंद्र दिसेनासा झाल्यावर चालणारा वळत गेला. डोळे बांधून चालवलं तेव्हा काहींचा गोल तर जेमतेम वीस मीटर व्यासाचा निघाला.

कारण साधं आहे. सरळ कुठं जायचं हे मेंदू पायांवरून ठरवत नाही. दूरची खूण लागते, डोंगर, सूर्य, चंद्र. खूण गेली की पावलापावलाला होणारी बारीक चूक साठत जाते आणि माणूस वळत राहतो.

म्हणजे चकवा खरा आहे. फक्त तो जंगलात नसून आपल्या डोक्यात आहे. आणि आजीचा ‘खाली बस, उजाडू दे’ हा उपाय एकदम बरोबर आहे, कारण उजाडलं की खूण परत मिळते.

हे कळलं म्हणून चकव्याची गोष्ट मेली का? मला तर उलट जास्त भीती वाटली. बाहेरच्या भुतापासून पळता येतं. आपलेच पाय आपल्याला फसवतात म्हटल्यावर पळणार कुठं?

मराठीत मग अडलं कुठं?

मराठी मुलांना भुतं दाखवलीच नाहीत असं नाही. ‘चांदोबा’तला विक्रम आणि वेताळ कोण विसरेल? खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि मौन मोडलं की वेताळ पुन्हा झाडावर. पुन्हा तेच बघा, पक्का नियम. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि पोरं खुर्चीत उभी राहिली. पण चिंची ही हसवणारी चेटकीण आहे, आणि तिचा प्रेक्षक जरा लहान.

त्याच मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या, त्या रात्री एकट्यानं वाचवत नाहीत. धारप तर पूर्ण मोठ्यांचेच. आणि तरी, नव्वदच्या दशकात वाढलेल्या कोणालाही विचारा. धारप पहिल्यांदा कधी वाचला? उत्तर साधारण सातवी-आठवी असंच येतं. वाचनालयातून काकांच्या कार्डावर आणलेला, गादीखाली लपवलेला. म्हणजे वाचक होता, भूक होती. त्या वयासाठी शिजवलेलं मात्र कमी होतं, म्हणून पोरांनी मोठ्यांच्या ताटातलं उचललं.

मधल्या वयाला मराठीनं साहस दिलं ते भा. रा. भागवतांच्या रूपानं. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल आणि ‘ट्टॉक’. त्याच्यासमोर चोर, गुंड, हेर येतात. माणसंच येतात. साहसकथेचा आपला ठोकळा असा पडला, की अंधारात काही पांढरं हललं तर शेवटी चादर ओढायची आणि आतून स्मगलर काढायचा. अमेरिकेत १९६९ पासून ‘स्कूबी-डू’ हेच करतोय. त्यात वाईट काही नाही. पण सगळ्याच पुस्तकांत चादरीखाली स्मगलर निघायला लागला की पोरं तिसऱ्या पुस्तकाला घाबरायची थांबतात.

यामागे आळस नाही, एक भूमिका आहे, असं मला वाटतं. महाराष्ट्रात मुलांसाठी लिहिणारे बरेचसे लोक शिक्षक, सुधारक किंवा त्यांच्या तालमीत वाढलेले. मुलांच्या डोक्यात भुतं घालायची नाहीत, ही त्यांची प्रामाणिक काळजी. आणि ती काळजी उडवून लावण्यासारखी नाही.

कारण इथं भूत पुस्तकापुरतं राहत नाही

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्यानं अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला, ज्याला आपण थोडक्यात जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार दिलेत. त्यातला अगदी पहिला आहे, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं. आणखी एक आहे, अमुक माणूस करणी करतो किंवा अमुक बाई डाकीण आहे असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

गोंदियासारख्या जिल्ह्यात हे कागदावरचे मुद्दे नाहीत. धानाच्या बांधीत पावसाळाभर वाकून काम करायचं म्हणजे साप आलाच, आणि प्रतिविष मिळायला उशीर म्हणजे जीव. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलही आहे. एखाद्या पोराच्या हाडांत अचानक असह्य कळा सुरू होतात, पोरगं लोळायला लागतं. अशा वेळी घरातल्या कोणी ‘बाहेरचं आहे’ म्हटलं की दवाखाना दोन दिवस लांबतो. तिथं राहणाऱ्या पोराला तुम्ही भुताची कादंबरी देणार, तर आधी उत्तर द्यावं लागेल, की ही कादंबरी त्या ‘बाहेरच्या’ची बाजू तर घेत नाही ना?

मला वाटतं फरक भूत आहे की नाही यावर ठरत नाही. गोष्टीत भुताचं नाव कोणावर चिकटवलं जातं, यावर ठरतो. ज्या गोष्टीत गावातली एकटी म्हातारी शेवटी खरंच चेटकीण निघते, ती गोष्ट कितीही छान लिहिली तरी नासकी आहे, कारण पोरगं पुस्तक मिटवून शेजारच्या म्हातारीकडं बघणार आहे. ज्या गोष्टीत मांत्रिक येऊन पोराला वाचवतो, तीही तसलीच. (याच मापानं ‘आजी’ आणि ‘तुंबाड’ मोजले तर दोन्ही नापास होतात. मोठ्यांसाठी आहेत, चालून जातं.) पण ज्या गोष्टीत चकवा लागतो, तीन पोरं घाबरतात, एक जण म्हणतो पळा आणि दुसरी म्हणते खाली बसा, तिथं पोरगं काय शिकतं? घाबरलेलं असतानाही विचार करता येतो. यात दाभोलकरांच्या विरोधात जाणारं मला काही दिसत नाही.

शिवाय नऊ-दहा वर्षांच्या पोराला गोष्ट आणि खरं यातला फरक बराचसा कळायला लागलेला असतो. अंधाराची, राक्षसाची भीती साधारण शाळेत जायच्या आसपास जोरात असते, आणि पुढं तिची जागा खऱ्या भीती घेतात. आई आजारी पडली तर? आपण हरवलो तर? भुताची कादंबरी या वयात त्याच खऱ्या भीतींना चादर पांघरून आणते. बुरुनचं दुःख भूत नव्हतं, १३ मार्क होते.

आणि एक फरक रील आणि पुस्तकातला. रीलमधलं भूत कधी अंगावर येणार हे एडिटर ठरवतो. पुस्तकातलं भूत वाचणारा पान उलटेपर्यंत थांबतं. पोराला नको असेल तर ते पुस्तक मिटवून कपाटात ठेवतं, काही पोरं तर मुखपृष्ठ भिंतीकडं करून ठेवतात. ते ठेवू द्या. दोन दिवसांनी स्वतःच काढतात.

गोंदियात कादंबरी लिहायची तर

सामान तयार आहे. नवेगावबांधचा तलाव घ्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचं सांगतात. तळ्याभोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि बांध घालायला या सात बहिणींनी मदत केली अशी कथा आहे. पुढं कोलू पाटलांचाच कोलासूर देव झाला. तळ्याच्या मध्ये मालडोंगरी नावाचं बेट. माणसाचा देव होतो, डोंगरांच्या बहिणी होतात, आणि मधोमध एक बेट, जिथं जायला नाव लागते. दहा वर्षांच्या कुठल्याही वाचकाला विचारा, पहिलं प्रकरण कुठं संपणार. मारुती चितमपल्ली याच नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिले, आणि त्यांच्या आत्मचरित्राचं नावही ‘चकवाचांदण’ आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. जंगल मराठी साहित्यात आलंय, ते फक्त मोठ्यांच्या कपाटात आलंय.

दुसरी जागा कचारगड. सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळ, डोंगरातली अवाढव्य नैसर्गिक गुहा. माघ पौर्णिमेला इथं देशभरातून गोंड समाजाचे लोक यात्रेला येतात. तिथल्या प्रचलित कथेत गुहेत ३३ मुलं कोंडलेली आहेत. तोंडावर प्रचंड शिळा. पारी कुपार लिंगो आणि रायताड जंगो त्यांच्या सुटकेसाठी येतात. हिरासुका पाटालीर नावाचा वादक किंगरी वाजवतो, शिळा सरकवतो आणि त्यातच त्याचा जीव जातो. मुलं बाहेर येतात.

वाचताना अंगावर काटा येतो. पण इथं लिहिणाऱ्यानं ब्रेक लावावा. ही भुताची गोष्ट नाही, एका समाजाच्या धर्माची सुरुवात सांगणारी कथा आहे, आणि ती मानणारे लोक दरवर्षी त्या पायऱ्या चढतात. पुण्या-मुंबईच्या लेखकानं येऊन त्यातल्या एखाद्या दैवताला शिंगं लावून खलनायक करणं म्हणजे चेटकीण-म्हातारीचाच गुन्हा, फक्त मोठ्या आकाराचा. ती कादंबरी तिथल्याच कोणी लिहिली तर वेगळी होईल, आणि माझ्या मते खूप भारी होईल.

बाकी भीती पुरवायला रोजचा गोंदिया पुरेसा आहे. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आधी बायका-पोरं मोहफुलं वेचायला जंगलात जातात. मोह अस्वलालाही आवडतो. अंधारात झाडाखाली वाकलेली काळी आकृती आपली काकू आहे की दुसरं कोणी, हा प्रश्न तिथल्या पोराला कल्पनेत पडत नाही. पहाटे सारसाची जोडी एकदम ओरडते तेव्हा पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतोच. महाराष्ट्रात सारस बघायचा तर मुख्यतः गोंदियाच गाठावं लागतं, म्हणजे हा आवाज दुसऱ्या कुठल्या मराठी भूतकथेत सापडणारही नाही. रातवा पक्षी रस्त्यावर बसलेला असतो, गाडीच्या उजेडात नुसते दोन लाल डोळे दिसतात. दरेकशाच्या डोंगरातून रेल्वेचा बोगदा आहे. भाताच्या गिरण्या आहेत, त्यांच्याशेजारी कोंड्याचे ढीग.

मोठी माणसं पहिल्या पानात बाजूला कशी करायची, हा लेखकांचा नेहमीचा वांधा. इथं तोही नाही. रोवणीच्या दिवसांत घरातलं मोठं माणूस दिवसभर घरी नसतंच. पोरं आणि आजी, दोघंच.

आणि भाषा तयार आहे. या भागात झाडीबोली बोलतात, तिच्यात दंडार होते, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. त्या नाटकांना मांडीवर झोपलेली पोरंही असतात आणि जागी पोरंही. तेव्हा कोणी लिहायला बसलंच तर एक विनंती, चकव्याला पुस्तकी मराठीत बोलायला लावू नका. नवेगावबांधची पोरं घाबरायच्या ऐवजी हसत सुटतील.